पार्टिशनपलीकडचं ‘वा’

आमच्या शेजारच्या वर्गाच्या सरांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट नुसती केली नाही. माणसं चहा पितात; सर चहाचं कृतिसंशोधन करायचे. शाळेसमोरच्या टपरीवर पहिला घोट घेण्याआधी ते चहावाल्याला पाच प्रश्न विचारायचे. ती पूर्वचाचणी. मग त्याला सांगायचे, आलं आधी टाक, साखर नंतर टाक, दोन उकळ्या येऊ दे. ती उपाययोजना. मग कप खाली ठेवून पुन्हा तेच पाच प्रश्न. ती उत्तरचाचणी. चहावाला बिचारा नववीतून शाळा सोडलेला. परीक्षांना कंटाळून टपरी टाकली, तर परीक्षा रोज दोनदा टपरीवर येऊन बसते, असं तो एकदा माझ्याजवळ कळवळून म्हणाला होता. पण सरांना त्याने कधी तोडलं नाही. सरांना कुणालाच तोडता यायचं नाही, कारण तोडायला मुळात मध्ये बोलायची फट मिळावी लागते.

ज्यांचा शाळेशी संबंध दहावीनंतर संपला त्यांच्यासाठी सांगते. कृतिसंशोधन म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातली एखादी अडचण हेरायची, तिच्यावर काही उपाय करून बघायचा, उपायाच्या आधी एक चाचणी घ्यायची, नंतर एक घ्यायची, आणि काय फरक पडला ते अहवालात लिहून वर पाठवायचं. आम्ही बाकीचे शिक्षक हे काम वरून पत्र आलं की करतो. म्हणजे मागच्या वर्षीचा अहवाल काढतो, मुखपृष्ठ बदलतो आणि फरक पडल्याचं कळवतो. फरक नेहमी पडतोच. सरांना मात्र पत्राची गरज नव्हती. त्यांना अडचणीच इतक्या दिसायच्या की ज्या दिवशी वर्गात काही बिनसलं नाही त्या दिवशी ते अस्वस्थ व्हायचे.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, चहूबाजूंनी चादरी विणणाऱ्या यंत्रमागांच्या खोल्या. सकाळी प्रार्थनेला जो खडखडाट सुरू होतो तो शाळा सुटेपर्यंत थांबत नाही. बाहेरचा पाहुणा आला तर त्याला वाटतं आम्ही सगळे भांडतोय. आम्ही फक्त बोलत असतो. त्यात सर मूळचे मंद्रूपचे, शेतात या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची लहानपणापासूनची सवय. त्यांचा आवाज मागांच्या वरून सरळ जायचा. माझी चौथी अ आणि त्यांची चौथी ब यांच्यामध्ये भिंत नव्हती, एक प्लायवूडचं पार्टिशन होतं, तेही वर छतापर्यंत न पोचलेलं. त्यामुळे वीस वर्षं मी माझा वर्ग घेतला तो सरांच्या आवाजाच्या खाली बसून. मी इकडे नद्या शिकवत असायचे आणि तिकडून मोठ्यांदा अपूर्णांक यायचे. माझ्या एका विद्यार्थ्याने परीक्षेत ‘भीमा नदीचे तीन छेद चार’ असं लिहिलं होतं. मी अर्धा गुण दिला.

सरांची दुसरी खोड म्हणजे ते प्रश्न विचारायचे आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकायचे. “बाई, चहा घेणार? घ्या की. साखर कमी? कमीच बरी. डबा आणलाय? आणलाच असणार.” अशी एक अख्खी मधली सुट्टी आमचं संभाषण झालं होतं आणि त्यात मी एक अक्षर बोलले नव्हते. जाताना मला म्हणाले, “तुमच्याशी बोललं की लई मोकळं वाटतंय बघा.” वर्गातही तेच. फक्त तिथे त्यांनी उत्तर तोंडाने द्यायचं सोडून फळ्यावर लिहायची पद्धत काढली होती. प्रश्न पहाडी आवाजात, पार्टिशनला टेकून, म्हणजे मागच्या बाकापर्यंत पोचावा म्हणून. मुलांची कुजबुज झाली, त्यातलं एखादं उत्तर पसंत पडलं की एक जोरदार “वा!” आणि मग ते उत्तर फळ्यावर, रंगीत खडूने. कारण फळ्यावरचं वहीत उतरतं आणि वहीत उतरलं की पुरावा होतो. पुराव्यावर त्यांचा जीव होता. स्वतःच्या लग्नाचे फोटो त्यांच्याकडे चार होते आणि बाटलीच्या झाकणांचे एकशे बारा.

ती झाकणांची गोष्ट सांगायलाच हवी. ‘इयत्ता चौथीतील विद्यार्थ्यांच्या पाण्याच्या बाटल्यांची झाकणे हरवण्याच्या समस्येचा अभ्यास व उपाययोजना’ हे त्यांचं सातवं संशोधन. उपाय म्हणून त्यांनी प्रत्येक झाकण सुताच्या दोरीने बाटलीला बांधलं. दोरीला आमच्या भागात तोटा नाही. झाकणं हरवायची साफ थांबली. आता झाकणासकट बाटल्या हरवायला लागल्या. कुणीही शहाण्या माणसाने ‘समस्या पूर्णपणे दूर झाली’ असं लिहून अहवाल पाठवला असता. सरांनी लिहिलं, ‘झाकणे हरवणे थांबले. मात्र बाटल्या हरवू लागल्या. यास संशोधकाने बांधलेली दोरी कारणीभूत असावी.’ अहवाल अर्थातच मागे पडला. अशी सोळा संशोधनं मागे पडली. कडक भाकरी खाताना होणाऱ्या आवाजाचं पडलं, शाईच्या डागांचं पडलं, प्रार्थनेत येणाऱ्या जांभयांचं तर ते वाचून दाखवत असतानाच पडलं, कारण परीक्षकांनाच जांभया आल्या आणि सरांनी त्यांचीही नोंद घेतली.

सरांच्या घरी, विजापूर रोडला, बाहेरच्या खोलीत एक खिळा होता. राज्य पातळीच्या प्रमाणपत्राचा. तो त्यांनी दुसऱ्या संशोधनाच्या वेळी मारून ठेवला होता. चौदा वर्षं त्याला काहीही टांगायची घरात बंदी होती. वहिनी एकदा त्याच्यावर ज्वारीची चाळणी अडकवून गावी गेल्या, तर सरांनी ती उतरवून आठ दिवस मांडीवर घेऊन टीव्ही बघितला म्हणे. मी गेले की वहिनी खिळ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, “बघा, आमच्या घरातला सगळ्यात रिकामटेकडा माणूस.” सर हसायचे, पण डोळे खिळ्यावरच असायचे.

आता माझी भूमिका. संशोधनात दोन वर्ग लागतात. एकावर प्रयोग करतात, तो प्रायोगिक गट. दुसऱ्यावर काहीच करत नाहीत, तो नियंत्रित गट. शेवटी दोघांची तुलना करायची. सतराच्या सतरा संशोधनांत नियंत्रित गट मीच होते. प्रत्येक वेळी दिवाळीची सुट्टी संपली की सर माझ्या दारात उभे राहून गंभीरपणे सांगायचे, “बाई, या वर्षी बी तुमी काहीच करायचं न्हाई.” मी म्हणायचे, ठीक आहे. ते म्हणायचे, अगदी काहीच नाही. मी शब्द द्यायचे. आणि सांगायला अभिमान वाटतो की काहीच न करण्यात अख्ख्या सोलापुरात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मला ऑनलाइन माहिती भरायची असायची, आधार जुळवायचे असायचे, निवडणुकीच्या याद्या असायच्या, खिचडीचा तांदूळ मोजायचा असायचा. मुलं आपापली बसलेली असायची. सरांच्या अहवालात मात्र हे फार सुंदर दिसायचं. ‘नियंत्रित गटाच्या शिक्षिकेने नेहमीप्रमाणे अध्यापन केले.’ त्या ‘नेहमीप्रमाणे’वर मी कधी हरकत घेतली नाही.

सर्जनशीलतेचं वेड त्यांना निवृत्तीच्या आदल्या वर्षी लागलं. कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांना कळलं की एखाद्या साध्या वस्तूचे निरनिराळे उपयोग विचारले की माणसाची सर्जनशीलता मोजता येते. जे उत्तर सगळे देतात त्याला शून्य, जे एखाद-दुसराच देतो त्याला जास्त गुण. झालं. सर दिसेल त्याला विटेचे उपयोग विचारत सुटले. केशकर्तनालयात विचारले, बँकेच्या रांगेत विचारले. पुतणीला बघायला मुलं यायची त्यांनाही विचारले. पहिला मुलगा म्हणाला, घर बांधायला. सरांनी त्याला पोहे दिले आणि पाठवून दिलं. दुसरा म्हणाला, बांधकामाला. पोहे खाऊन तोही गेला. घरात भावजय रडायला आली. तिसरा मुलगा वळसंगचा, दोन तास बसून कंटाळला होता. तो म्हणाला, “काका, आता ती वीट तुमच्या टाळक्यात घालायला बरी हाय.” सर उठले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पोरगं पक्कं. हे उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं.” लग्न झालं, संसार उत्तम चालला आहे. त्यामुळे या चाचणीत काहीच अर्थ नाही असं मला ठामपणे म्हणता येत नाही.

सतराव्या संशोधनाला सरांनी वीट सोडली आणि चादर घेतली. आमच्या मुलांच्या घरात वीट कमी आणि चादर जास्त. विषय होता ‘इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांमध्ये सर्जनशीलता वाढवण्यासाठी प्रश्न पद्धतीचा उपयोग’. आणि नवल घडलं. आराखडा पाठवला तो जिल्ह्यातून निवडला गेला. पत्र आलं, की अंतिम अहवाल असाच चांगला आला तर जिल्ह्यात सादरीकरण आणि तिथून राज्य पातळीला, पुण्याला. सरांनी ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा माझ्या वर्गालाही दाखवलं, नियंत्रित गटाचा मान म्हणून. मेअखेर ते निवृत्त होणार होते. म्हणजे ही शेवटची संधी, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. त्यांनी पुण्यासाठी नवे काळे बूट घेतले आणि ते खोक्यातच ठेवले. वहिनींनी फडक्याने खिळा पुसला.

पूर्वचाचणी झाली. दोन्ही वर्ग सारखेच सामान्य निघाले. चादरीचे उपयोग: पांघरायला, अंथरायला, पाहुण्यांना द्यायला, सत्काराला. सर खूश, कारण रोगी जितका आजारी तितका डॉक्टरला हुरूप. मग आठ आठवडे उपाययोजना चालली. रोज तिसऱ्या तासाला सर पार्टिशनला पाठ लावून गरजायचे, “जुन्या छत्रीचं काय काय करता येईल?” मग कुजबुज. “वा!” मग खडूचा आवाज. “रिकाम्या बॉबिनचा उपयोग सांगा!” कुजबुज. “वा!” खडू. त्यांच्या वर्गाच्या वह्या भरत चालल्या होत्या, रंगीत खडूची दोन खोकी संपली, फोटो निघत होते. पार्टिशनच्या अलीकडे मी माझं दिलेलं वचन पाळत होते. मी डोकं खाली घालून मोबाईलवर मुलांच्या जन्मतारखा भरत होते. मुलं आपापसात काहीतरी गुणगुणत असायची, मध्येच खुसखुसायची. मी ‘शांत बसा’ एवढं म्हणायचे, तेही नेहमीप्रमाणे.

उत्तरचाचणीचे पेपर आम्ही दोघांनी मिळून शाळा सुटल्यावर शिक्षक खोलीत तपासले. सर गुण मोजताना कन्नडमध्ये मोजायचे, ओंदु, एरडु, मूरु, कारण पैसे आणि गुण माणूस आईच्या भाषेतच मोजतो असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या वर्गाचा पहिला पेपर उघडला. चादरीचे उपयोग: तंबू, झोका, नाटकाचा पडदा, पॅराशूट. सर म्हणाले, “पॅराशूट! बघा बाई.” दुसरा पेपर: तंबू, झोका, नाटकाचा पडदा, पॅराशूट. तिसरा, चौथा, दहावा, सगळे त्याच क्रमाने. एका मुलीने प्रामाणिकपणे शेवटी ‘उत्तर समाप्त’ असंही लिहिलं होतं, कारण फळ्यावर सर तसं लिहायचे. छत्तीसपैकी चौतीस मुलांनी पॅराशूट उडवलं होतं. जे सगळेच लिहितात त्याला शून्य, हा नियम सरांनीच पहिल्या पानावर घातलेला. ओंदुच्या पुढे मोजणी जाईचना.

मग माझ्या वर्गाचे पेपर आले. ‘चादर उलटी केली की रंग बदलतात, म्हणून एका चादरीत दोन चादरी असल्यासारखं पाहुण्यांना दाखवायला.’ ‘अभ्यास नको असला की ताप आला म्हणून घ्यायला.’ ‘झोपलेला माणूस ओळखायला. पाय बाहेर आले तर काका, नाही आले तर बाबा.’ ‘आई-बाबांचं भांडण झालं की मध्ये दोरीवर टाकायला.’ ‘गच्चीवरून हलवली की बहिणीला कळतं की दुकानातून बिस्किटं आणायची.’ सर वाचत होते आणि मोजत होते, आणि कन्नड आकडे माझ्या आयुष्यात प्रथमच विसाच्या पुढे गेले. मी हसत सुटले होते. मग माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं आणि माझं हसू आटलं. ते मला म्हणाले, “तुमी कायतरी केलात? केलातच असणार.” मी शपथेवर सांगितलं, काहीच नाही. आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या वर्गात आले. सर्वांत जास्त गुण एका बारीकशा मुलीला होते. घरी तेलुगू, शाळेत मराठी, वडील मागावर. सरांनी तिला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, “सर, तुमचा प्रश्न हितं ऐकू येतंय की. मग तुमी वा म्हणता, ते बी ऐकू येतंय. कशाला वा म्हणलं ते ऐकू येत न्हाई. मागाचा आवाज असतंय. मग आमी शोधतो, सर कशाला वा म्हणले असतील म्हणून.”

सगळा वर्ग माना डोलावू लागला. आठ आठवडे रोज तिसऱ्या तासाला माझी मुलं पलीकडच्या ‘वा’चं उत्तर शोधत होती. त्यांना ते कधीच सापडलं नव्हतं, त्यामुळे ती थांबलीच नव्हती. पलीकडच्या मुलांना ते फळ्यावर मिळत होतं, म्हणून ती वहीत उतरवून गप्प बसत होती. सर तिथेच, माझ्या खुर्चीत बसले. टेबलावरचा खडू उचलून त्यांनी परत खाली ठेवला. माझ्या वर्गातल्या मुलांनाही ते अवघड झालं, ती उगाच पुस्तकं काढून वाचायला लागली.

पुढचे आठ दिवस शाळेत एकच विषय. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, म्हणाले, अहो, नावं उलटी करा. अ च्या जागी ब लिहा, ब च्या जागी अ. शाळा एकच, मुलं आपलीच, कुणाचं काय जातंय. मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, मला ते फार पटलं. मला तो पुसलेला खिळा दिसत होता, खोक्यातले बूट दिसत होते. मी मधल्या सुट्टीत त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, सर, दोन अक्षरांचा तर प्रश्न आहे. मी कुणाला सांगणार नाही, माझा वर्ग सांगणार नाही. प्रायोगिक गट व्हायची आम्हालाही कधी तरी हौस असेल.

सर शेंगाचटणी भाकरीवर पसरत होते. ती पसरून झाली तरी पसरतच राहिले. मग म्हणाले, “बाई, बाटल्या हरवलेलं मी लिहिलो होतो का न्हाई?”

मी म्हटलं, लिहिलं होतं.

“झाकणाबद्दल खरं बोललो. आता पोरांबद्दल खोटं बोलू व्हय?”

एवढं बोलून त्यांनी भाकरी मोडली.

अहवाल गेला. त्याचा शेवटचा परिच्छेद मला पाठ आहे. ‘संशोधकाने केलेल्या उपाययोजनेमुळे प्रायोगिक गटाची सर्जनशीलता कमी झाली. नियंत्रित गटास संशोधकाचा प्रश्न ऐकू आला व उत्तर दिसले नाही, त्यामुळे त्यांची सर्जनशीलता वाढली. यापुढे संशोधकाने उत्तर फळ्यावर लिहू नये. शक्यतो संशोधकाने दुसऱ्या खोलीत असावे.’ जिल्ह्याच्या सादरीकरणाला मी त्यांच्याबरोबर गेले होते. तज्ज्ञ मंडळींनी ऐकून घेतलं, चष्मे काढले, चष्मे घातले, आणि सांगितलं की पार्टिशनमधून आवाज गेल्यामुळे नियंत्रित गट दूषित झालेला आहे, तेव्हा संशोधन अवैध. मी बसल्या जागी पेटले. माझी चाळीस लेकरं, आठ आठवडे डोकं खाजवून उत्तरं शोधणारी, आणि ती म्हणे दूषित. मला उठून बरंच काही बोलायचं होतं, सरांनी माझ्या पदराला धरून खाली बसवलं. पुणं राहिलं. परत येताना रिक्षात मला रडू आलं. सर मला समजावत होते, आणि सतरा वेळा ज्याचं काही झालं नाही त्याने मला समजवावं याची मला अजूनच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ते काळे बूट घालूनच शाळेत आले. म्हणाले, बूट सोलापुरातही चालतात.

तेव्हापासून उन्हाळी परीक्षेपर्यंतचे ते दोन महिने. त्यांनी आपल्या अहवालातली शिफारस स्वतःवर लागू केली. तिसरा तास सुरू झाला की पलीकडून प्रश्न यायचा, मग खडू ठेवल्याचा आवाज, आणि मग स्वतः सर पार्टिशनला वळसा घालून माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन बसायचे. उत्तर द्यायचं नाही म्हणजे त्यांचे हाल व्हायचे. तोंडात बडीशेप भरून ठेवायचे. एकदा तर न राहवून त्यांनी रुमालावर उत्तर लिहिलं आणि खिशात घातलं. पलीकडे पहिले काही दिवस नुसती शांतता. चौथी ब ला कळेना की फळा कोरा कसा. मग कुजबुज, मग भांडण, मग बाक सरकवल्याचे आवाज. मी म्हणायचे, सर, तिकडे मारामारी होईल. ते तोंडात बडीशेप असल्यामुळे नुसती मान हलवायचे.

आणि एका दुपारी, मागांची लाईट गेली होती त्यामुळे सगळीकडे शांत होतं, पलीकडून कुणा मुलाचा आवाज आला: “वा!”

मुलांनीच मुलाला म्हटलेलं. सर ताडकन उठून बसले. बडीशेप गिळली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायची त्यांना सवय नव्हती. मला म्हणाले, “बाई, कशाला म्हणले असतील?” मी सवयीने थांबले, की आता हेच उत्तर देतील. ते थांबले होते. माझ्याकडे बघत होते. वीस वर्षांत त्यांनी मला विचारलेला तो पहिला खराखुरा प्रश्न होता, आणि मला उत्तर ठाऊक नव्हतं.

निरोप समारंभात आम्ही त्यांना शाल, नारळ आणि चादर दिली. चादर द्यायची नाही असा मी आग्रह धरला होता, पण सोलापुरात चादरीशिवाय माणूस निवृत्त होत नाही. सरांनी ती उलगडली, उलटी करून रंग बघितले, माझ्या वर्गाकडे बघून मिस्कील हसले आणि भाषण न करता खाली बसले. मोठे सर माईक हातात धरून तसेच उभे राहिले, कारण त्यांनी या भाषणासाठी पाऊण तास राखून ठेवला होता. खिळ्याला आता वहिनींची चाळणी आहे. मी बघून आले.

यंदा जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पार्टिशन नव्हतं. निधी आला होता, तिथे विटांची पक्की भिंत झाली, छतापर्यंत, वर गिलावा आणि पिवळा रंग. पलीकडे एक नवे सर आले आहेत, चांगले आहेत, हळू बोलतात. मला प्रथमच स्वतःच्या वर्गात स्वतःचा आवाज ऐकू येतो आणि तो मला फारसा आवडलेला नाही. नद्या नद्याच राहतात, त्यांच्यात अपूर्णांक मिसळत नाहीत. पहिल्या आठवड्यातच एका मुलाने विचारलं, बाई, मोठी मुलं सांगायची की या वर्गात भिंतीतून प्रश्न येतात, ते कधी येणार?

सर दर रविवारी फोन करतात. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. एक प्रश्न विचारतात आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवतात. आधी मला वाटलं रेंज जाते. आता कळलंय की ते उत्तर द्यायचा मोह टाळतात. गेल्या रविवारी म्हणाले, “बाई, पक्की भिंत. उपयोग सांगा.” आणि कट.

मी रविवारभर विचार केला, मला एकही सुचला नाही. सोमवारी तिसऱ्या तासाला मी तोच प्रश्न मुलांना विचारला, जमेल तितक्या मोठ्या आवाजात. मग मोबाईल टेबलावर ठेवला, बाहेर व्हरांड्यात आले आणि दार ओढून घेतलं. बाहेर माग चालू होते. आत आधी काहीच नाही, मग कुजबुज, मग कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळा वर्ग खदखदून हसला. काय बोललं ते मला ऐकू आलं नाही. मी तिथूनच मोठ्यांदा म्हटलं, “वा!”